उन्हाळी धानाला पाणी तोडून द्यायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गोंदियाकडे अडीच एकर उन्हाळी धान आहे, बोअरवर. बांधीत सतत पाणी साचलं की मातीत हवा राहत नाही, मिथेन हा हवामान तापवणारा वायू तयार होतो. म्हणून यंदा एका बांधीत पाणी आलटून-पालटून देतोय. फूटभर पीव्हीसी पाइपाच्या खालच्या अर्ध्याला भोकं पाडून तो सहा इंच पुरलाय. आतलं पाणी जमिनीखाली १५ सेंमीवर गेलं की मोटार सुरू. रोवणीनंतर दोन आठवडे पाणी ठेवलं होतं, फुलोऱ्यातही ठेवणार.

घोळ असा, की खेकड्यांनी धुरा (बांध) पोखरलाय आणि शेजारचं पाणी झिरपतं. काल पाइपात काडी घातली तर चार बोटांवरच ओली; वरच्या कोपऱ्यात मात्र बोट जाईल एवढ्या भेगा! मग पाइप खरा मानू की भेग? एका बांधीत दोन पाइप लावता का कुणी?

दुसरं, युरिया ओलसर मातीवर टाकून लगेच पाणी सोडावं ना? चुकलं तर नायट्रस ऑक्साइड वाढतो, तोही तापवणाराच वायू, मग मिथेन वाचवून काय मिळवलं?

भारी जमिनीत केलेल्यांनी उतारा किती पडला तेही सांगा. बाबा रोज धुऱ्यावर उभे राहून म्हणतात, "धान मारशील बापू."