लेखी उत्तराने सरकार बांधलं जातं का?

माधवी (धागाकर्ती)
“हे खरे आहे काय? असल्यास, चौकशी केली आहे काय? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?” विधानसभेची प्रश्नयादी एकदा तरी चाळलेल्यांना हा साचा पाठ असेल. माझं मत असं की सभागृहातल्या आरडाओरड्यापेक्षा सरकार लेखी उत्तराच्या कागदाला जास्त बांधलं जातं. लोकसभेत दिवसाला २० तारांकित, म्हणजे तोंडी उत्तर मागणारे, प्रश्न लागतात, त्यातले मोजकेच तोंडी होतात. अतारांकित २३० पर्यंत, आणि त्यांना उत्तर लेखीच. टाळेबंदीत गावाकडे निघालेले किती मजूर वाटेत दगावले, असं सप्टेंबर २०२० मध्ये लोकसभेत विचारलं गेलं. लेखी उत्तर आलं: अशी आकडेवारी ठेवलेली नाही. ही कबुली भाषणात कोणी दिली असती का?

विनायक, नाशिक
ताई, कबुलीने काय झालं? २१ एप्रिल २०२१ ला आमच्या शहरात महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळली, पुरवठा तुटला, वीसहून जास्त रुग्ण गेले. तीन महिन्यांनी राज्यसभेत लेखी उत्तर: ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचं राज्यांनी वेगळं कळवलेलं नाही. उत्तर देणाऱ्या तेव्हाच्या केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री भारती पवार तेव्हा आमच्याच जिल्ह्यातल्या खासदार होत्या. शब्द न् शब्द नियमात बसत असेल. पण तोंडी उत्तर असतं तर “मग तुम्ही राज्यांना विचारलंत का?” हा उपप्रश्न तिथल्या तिथे आला असता. लेखी उत्तराला उपप्रश्न नाही, हीच त्याची पळवाट आहे.

माधवी
पळवाट आहे, मान्य. पण मंत्र्याने “माहिती गोळा करत आहोत” लिहिलं की ते आश्वासन धरलं जातं, तीन महिन्यांत पुरं करायचं असतं आणि त्यामागे सभागृहाची आश्वासन समिती असते. आणि मुंदडा प्रकरण आठवा. आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडांच्या कंपन्यांत पैसा घातला का, हा १९५७ साली लोकसभेतला प्रश्नच होता. आधी उत्तर गुळमुळीत आलं. खासदार फिरोज गांधींनी पिच्छा सोडला नाही, चौकशीला छगला आयोग बसला, १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारींना जावं लागलं.

विनायक
म्हणजे काम पिच्छ्याने झालं, कागदाने नाही. तेच तर म्हणतोय!

दत्ताकाका (निवृत्त लिपिक)
मी कागदाच्या पलीकडच्या टेबलावर होतो. टपालात ‘एलएक्यू (विधानसभेचा प्रश्न), अतितात्काळ’ आला की ऑफिसात दिवे उशिरापर्यंत चालू. एका गावाची फुटलेली जलवाहिनी, दुरुस्तीची फाईल चौदा महिने कपाटात. प्रश्न आला त्याच आठवड्यात साहेब जीप काढून गावात गेले. उत्तराचा मसुदा मीच टाईप केला: “हे अंशतः खरे आहे. काम प्रगतीत आहे.” कार्यादेश निघाला होता दोन दिवसांपूर्वी. पण पाणी आलं. विचारलं नसतं तर फाईल आणखी वर्षभर हलली नसती, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

विनायक
काका, पाणी आलं याचा मनापासून आनंद आहे. पण चौदा महिने फाईल कोणी अडवली, हे त्या आमदारांनी पुढच्या अधिवेशनात विचारलं का?

दत्ताकाका
नाही. छापील उत्तरात कार्यादेशाची तारीखच नव्हती. प्रश्नात ती मागितली असती, तर मला टाईप करावी लागली असती.