सिगरेट ओढणारे म्हणे 'मुळातच चिडके'

कटिंगवाला
'ओढणारे मुळातच चिडके आणि कमकुवत मनाचे, मन घट्ट केलं की सुटते,' असं काल तिरसट_काकांनी व्यायामाच्या धाग्यात ठोकून दिलं. तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

स्वभावाचा संबंध आहे, मान्य. पण सिगरेटमधून आपल्याला काय मिळतं याबद्दल ज्याची त्याची समजूत असते, ती काका सरळ गिळून टाकतात. आमच्या ऑफिसखालच्या टपरीवर बघा. काळजीखोर माणूस क्लायंटचा फोन ठेवला की शिलगावतो, कारण 'टेन्शन उतरतं'. गप्पिष्ट गडी एकटा असताना ओढत नाही. चारजण खाली उतरले की 'एक दे रे'. तिसरी वजन वाढेल म्हणून सोडत नाही. तिघांनाही 'मन घट्ट करा'?

टेन्शनचं तर भलतंच आहे. रक्तातलं निकोटिन दोनेक तासांत निम्म्यावर येतं, तलफ लागते, चिडचिड होते. पुढची सिगरेट तीच चिडचिड घालवते आणि टेन्शन उतरवल्याचं श्रेय लाटते. बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात 2014 साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता. सोडणाऱ्यांची चिंता आणि ताण, ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत कमी झालेला दिसला.

तिरसट_काका
केवढं ते चऱ्हाट! स्वभाव आणि सिगरेटचं नातं मानसशास्त्रज्ञ आयझेंकने साठ वर्षांपूर्वीच दाखवलंय. मी रोज पाकीट ओढायचो, मुलगी झाली त्या दिवशी फेकलं. परत शिवलो नाही. समजुती-बिमजुती काही नाही.

खारी_बिस्किट
तंबाखू कंपन्यांचे पैसे घेऊन, कॅन्सरला सिगरेटपेक्षा स्वभाव कारणीभूत म्हणणारे आयझेंक तेच ना? त्यांच्याच किंग्ज कॉलेजने 2019 साली त्यांचे 26 निबंध बेभरवशाचे ठरवलेत.

तिरसट_काका
ते कॅन्सरवाले निबंध. मी त्याबद्दल बोललोच नाही. आधी वाचा, मग उड्या मारा.

सातारची_सून
सगळे सिगरेटच घेऊन बसलेत! 2016-17 च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात ओढणारे 4 टक्क्यांच्या आत, बिनधुराची तंबाखू घेणारे 24 च्या वर. आमच्याकडे तव्यावर मशेरी भाजायला घेतली की अख्खं घर खोकतं. सासूबाई गरीब गाय, जाऊबाई नुसता जाळ, दोघींची डबी एकच. स्वभाव कुठे गेला काका? दोघींचं म्हणणं मात्र एक: 'लावल्याबिगर पोट साफ होत नाही.'

चादर_सोलापुरी
मशेरीला नावं ठेवू नका. माझी आजी 88 व्या वर्षी गेली, शेवटपर्यंत लावायची. दात शाबूत.

सातारची_सून
तुमच्या आजीला दंडवत. जाऊबाईंच्या गालात आतून पांढरा चट्टा आलाय, दातांच्या डॉक्टरांनी आरसा धरून दाखवला. घरी आल्यावर पहिलं काम काय, तर मशेरी. चट्ट्याची आग होते म्हणून!

चादर_सोलापुरी
शहरातल्या लोकांना गावचं सगळं घाणच वाटतं.

सातारची_सून
मी गावातच राहते हो. चूल सारवते, मग टाइप करते.

खारी_बिस्किट
पोटाचं अगदीच खोटं नाही, निकोटिनने आतडी हलतात. आमचे वडील बिडी पेटवल्याशिवाय संडासाकडे वळत नसत. बिडी सोडल्यावर काही दिवस कुंथले, मग आपोआप सुरळीत झालं. पण ते काही दिवस काढायचे कुणी?

कटिंगवाला
मशेरीवर वेगळा धागा काढाल का? पण मुद्दा माझाच सिद्ध होतोय. स्वभाव दोन, समजूत एक, डबी एक.

तिरसट_काका
बरं बाबा. मुलगी झाली तेव्हा 'सिगरेट म्हणजे रुबाब' ही माझी समजूत गळून पडली असेल, लिहून घ्या. पण पाकीट फेकलं ते मीच, समजुतीने नाही.

सातारची_सून
तुम्ही फेकलंत, कुणी विचारलं नाही. मी डबी फेकली तर सासूबाई मला फेकतील. जाऊबाईंना डॉक्टरकडे परत कसं न्यायचं, ते सांगा आधी.