घोडीचा ट्रेलर ओढायला मोठी फोर बाय फोर घ्यायची की नाही? (इंदूर)

रामबागची_रपेट
नमस्कार मंडळी, प्रश्न गाडीचा आहे पण गाडीच्या हौसेचा नाही. मुलगी तीन वर्षांपासून घोडेस्वारी शिकतेय, गेल्या वर्षी तिच्यासाठी घोडी घेतली, साडेचारशे किलोची असेल, तबेला महूच्या बाजूला आहे. स्पर्धा असली की भोपाळला न्यावं लागतं, म्हणजे जाऊन येऊन चारशे किलोमीटर. आत्तापर्यंत भाड्याच्या ट्रकनी नेलं. मागच्या खेपेला सोनकच्छच्या पुढे ड्रायव्हरनी असा करकचून ब्रेक मारला की घोडी पुढच्या दांड्यावर आदळली, गुडघा सोलून निघाला आणि आता ती ट्रक नुसता दिसला तरी बुजते. म्हणून विचार चाललाय की स्वतःचा ट्रेलर घ्यायचा आणि तो ओढायला स्कॉर्पिओ-एन फोर व्हील ड्राइव्ह (म्हणजे फोर बाय फोर, इंजिनची ताकद चारी चाकांना) नाहीतर टोयोटाची हायलक्स. बायकोचं म्हणणं एवढी धूड गाडी वर्षभर सांभाळायची कशाला, सासरे म्हणतात घे, गाडी मोठी असली की पोर सुरक्षित. कोणी अशी ओढाओढ केली आहे का?

पीथमपूरचा_फोरमन
मी 19 वर्षं ब्रेकच्या कामात आहे म्हणून आधी तेच सांगतो. ओढायला काय, ट्रॅक्टर पण ओढतो. प्रश्न थांबवायचा आहे. ट्रेलर हजार किलोचा आणि घोडी साडेचारशेची धरली तर मागे दीड टन लागलं, तुमची गाडी दोन टनांच्या आसपास, म्हणजे पुढच्या गाडीच्या पाऊणपट वजन मागून ढकलतंय. 60 च्या जागी 80 नी चाललात तर थांबवायची ऊर्जा पावणेदोन पटीच्या वर जाते. फोर बाय फोरचा यात काडीचा उपयोग नाही, ब्रेक तर आल्टोला पण चारी चाकांना असतात. तेव्हा ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच, निदान मागून ढकलायला लागला की आपोआप लागणारे तरी. त्याशिवाय मी माझ्या भावाला पण ट्रेलर जोडू देणार नाही.

दुसरं वजन कुठे पडतं ते बघा. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहाएक टक्के भार गाडीच्या मागच्या, ट्रेलर अडकवायच्या हुकावर यायला पाहिजे, तुमच्या हिशेबात दीडशे किलो. वजन मागे गेलं की ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो आणि घोडी काही सिमेंटची गोणी नाही, ती पाय बदलते, मागे सरकते, म्हणून छातीचा आणि मागचा दांडा तिच्या मापाचा बनवून घ्या. डोलायला लागलाच तर जोरात ब्रेक मारायचा नाही, स्टीअरिंग सरळ धरून पाय हळूहळू उचलायचा.

फोर बाय फोर कुठे लागते तेही सांगतो. पावसाळ्यात तबेल्याच्या वाटेवर, माळव्याच्या काळ्या मातीत. तिथे दोन चाकांवरची गाडी दीड टन मागे घेऊन जागची हलायची नाही. पण कोरड्या डांबरावर हायलक्ससारखी गाडी फोरमध्ये टाकून चालवायची नसते, पुढची-मागची चाकं वळणावर वेगवेगळ्या वेगानी फिरतात आणि मधे हा वेगातला फरक सांभाळणारं डिफरन्शियल नसल्यामुळे सगळा ताण गिअरवर येतो. म्हणजे चारशे किलोमीटरमधलं फोर बाय फोरचं काम किती, तर शेवटचे तीनशे मीटर. तेवढ्यावर मुरूम टाकून घ्या ना.

सुदामानगरची_अनघा
मी स्पष्टच लिहिते, राग मानू नका दादा. वर्षातून किती वेळा भोपाळला जाता? आठ-दहा वेळा? बाकीचे साडेतीनशे दिवस ती गाडी राजवाड्याला, शाळेच्या दारात, आमच्यासारख्यांच्या गल्लीतच फिरणार ना. स्कॉर्पिओ-एन आरसे न धरता 1917 मिलिमीटर रुंद आहे, हायलक्स 5.3 मीटर लांब. आमच्या गल्लीत असलीच उंच गाडी मागे घेताना शेजारच्यांचा चार वर्षांचा नातू बंपरपासून हातभर अंतरावर होता, माझ्या सासूबाई ओरडल्या म्हणून वाचला, आणि चालवणारा माणूस चांगला आहे हो, त्याला बॉनेटखालचं काही दिसतच नव्हतं. पोर सुरक्षित हे सासऱ्यांचं म्हणणं आतल्या पोराबद्दल झालं, बाहेरच्या पोरांचं काय? शिवाय डिझेलच्या एका लिटरमागे अडीच किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि दोन टनांची गाडी तुम्ही एकटेच भाजी आणायला नेलीत तरी दोन टनांचीच असते. ज्या दिवशी ओढायचं त्या दिवशी भाड्यानी घ्या.

मेलबर्नचा_इंदूरी
इथे दर तिसऱ्या घरापुढे असली गाडी उभी असते म्हणून लिहितो. हायलक्सला इथे 3500 किलो ओढायची परवानगी आहे, पण ती ब्रेकवाल्या ट्रेलरची. बिनब्रेकचा असेल तर 750, बस. लोक 3500 वाचतात आणि विसरतात की हुकावरचा भार गाडीच्या स्वतःच्या वजनमर्यादेत मोजतात, तेवढा ट्रेलर जोडला तर तिथेच साडेतीनशे किलो संपले, वर चार माणसं आणि सामान. मी स्वतः सहा वर्षं अशी गाडी ठेवली, ट्रेलर जोडला असेल पंधरा वेळा. विकली आणि वाईट वाटलं नाही. पण अनघाताई, भाड्यानी घ्या हे इथे सोपं आहे, इंदूरला हुक लावलेली गाडी भाड्यानी देणार कोण? तो अर्धा भाग तुमच्या उत्तरात राहिला.

रामबागची_रपेट
सगळ्यांचे आभार, रात्री बसून डायरी काढली. गेल्या वर्षी सात खेपा झाल्या. सातच, मला वीस तरी वाटत होत्या. अनघाताई, तुमचं ते हातभर अंतर वाचून बायकोनी फोन माझ्यासमोर ठेवला आणि काहीच बोलली नाही. पण ड्रायव्हर मीच पाहिजे हे मी सोडणार नाही, घोडीचा गुडघा मी धुतलाय.

पीथमपूरचा_फोरमन
मग ओढायचं कशाला, लादा की. आपल्याकडे पिकअप कोणत्याही गावात दुरुस्त होते. दीड टनाची पिकअप खेपेपुरती घ्या, ओळखीतून घेतली तर स्वतः चालवायला मिळते, फक्त परवाना आणि विमा आधी नीट बघून घ्या. नियमात घोड्याला 2.25 चौरस मीटर जागा सांगितली आहे, एका घोडीला तेवढी आरामात मिळते. मधे भक्कम आड, म्हणजे आडवा अडसर, लावायचा, खाली रबराची चटई, आणि प्रवासाला फिट असल्याचं जनावरांच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट सोबत. एकच वाईट, घोडी उंचावर उभी राहते, वळणावर झोल जास्त, आणि चढायचा उतार तीव्र होतो. ट्रेलर त्या बाबतीत चांगला हे कबूल. आणि ट्रेलरच घ्यायचा ठरला तर त्याची नोंदणी वेगळी असते, वेल्डिंगवाल्याकडून बनवून सरळ रस्त्यावर काढू नका.

रामबागची_रपेट
लांब फळी करून उतार कमी करता येईल. रविवारी तबेल्यावर एकाची पिकअप उभी असते, मुलीला घेऊन जातो, आधी रिकामीच उभी करून घोडी जवळ जाते का ते बघतो. फोरमनसाहेब, आडाचं माप घ्यायला याल का? चहा-पोहे माझ्याकडे.