अनुभव धागा: खेळाडूच्या बायकोचा परदेशी हंगाम

बडोदेकरीण
मार्च लागला की बडोद्याच्या मोतीबाग मैदानावर क्रिकेटच्या नेट्समधली मुलं एकमेकांना विचारू लागतात, यंदा कुठला क्लब? आज नणंदेच्या सुनेचा फोन आला आणि सगळं परत डोक्यात फिरायला लागलं. तिचा नवरा इंग्लंडच्या लीगमध्ये प्रो, म्हणजे क्लबचा पगारी खेळाडू म्हणून चाललाय, एप्रिलच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, ही सोबत. प्रश्न एकच, "मामी, बरोबर काय काय घेऊ?"

अगं, सामानाचं नंतर. आधी करार वाच. सही नवऱ्याची असली तरी त्या कागदावर दोघांचं घर चालणार आहे. क्लबच्या सेक्रेटरीला सहीआधी ईमेलने विचारून घ्यायचं: राहायला स्वतंत्र घर की क्लबातल्या कुणाकडे एक खोली? भाड्यात वीज, गॅस, काउन्सिल टॅक्स (तिकडची घरपट्टी) धरलाय का? तिकीट एकाचं की दोघांचं? आणि खेळताना लागलं तर पैसे चालू राहतात, की त्या सामन्याला आणलेल्या सब-प्रोची (बदली प्रोची) फी ह्याच्या पैशातून जाते? हे शेवटचं कुणी विचारत नाही आणि जूनमध्ये बोट मोडलं की नेमकं तिथेच अडतं. फोनवरचं "डोन्ट वरी" धरायचं नाही, लेखी पाहिजे.

जाणकारांनी भर घाला. कहाण्या नकोत, कामाचं सांगा. मुलगी घाबरलेली आहे.

रावपुराकर
व्हिसाचं मी सांगतो. पैसे घेऊन खेळायचं तर व्हिजिटर व्हिसा चालत नाही. "पैसे नाही, नुसतं घर आणि गाडी देतो" म्हणणाऱ्या क्लबपासून तर लांबच राहा, तोही मोबदला धरला जाऊ शकतो. इंटरनॅशनल स्पोर्ट्सपर्सन व्हिसा लागतो. त्याला इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाचं एंडॉर्समेंट (शिफारस), क्लबचं स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट, आणि इकडून आपल्या बोर्डाची एनओसी.

बायकोचा अर्ज वेगळा, डिपेंडंट पार्टनर म्हणून. खात्यात सलग २८ दिवस पैसे दिसले पाहिजेत: खेळाडूचे १२७० पाउंड, जोडीदाराचे २८५, पहिल्या मुलाचे ३१५. क्लबने सर्टिफिकेटवर खर्चाची हमी दिली असेल तर हे दाखवावं लागत नाही, पण हमी कुटुंबासाठीही आहे ना, ते वाचून बघा. बऱ्याचदा एकट्या खेळाडूचीच असते.

लग्नाचा दाखला गुजरातीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडायचं, त्यावर भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख, संपर्क आणि भाषांतर अचूक असल्याचं वाक्य. पासपोर्टवर माहेरचं आडनाव असलं तरी हरकत नाही, अर्जात दुसऱ्या नावांचा रकाना असतो तो मात्र रिकामा सोडू नका.

गच्चीवरची
आणि तिला तिथे नोकरी करता येते ना?

रावपुराकर
येते. खेळाडू किंवा कोच म्हणून सोडून काहीही.

गच्चीवरची
म्हणजे नवऱ्याला बॅट कशी धरायची ते शिकवायचं नाही 😄 (पगार घेऊन)

डॉक्टरीणबाई
आजारपणाचं कुणी बोललं नाही अजून. मुक्काम सहा महिन्यांच्या आतला असेल तर व्हिसाबरोबरचा आरोग्य अधिभार भरावा लागत नाही. लोक खूश होतात, पैसे वाचले म्हणून. पण त्याचा अर्थ असा की हॉस्पिटलचं बिल येऊ शकतं. फॅमिली डॉक्टर, म्हणजे तिकडचा जीपी, कुणालाही मोफत. पोचल्याच्या पहिल्या आठवड्यात नाव नोंदवा. पत्त्याच्या पुराव्यासाठी नोंदणी अडवून धरता येत नाही, रिसेप्शनवर मागितला तरी नम्रपणे सांगा. इमर्जन्सी विभागात तपासणं, प्लास्टर घालणं मोफत. पुढे फ्रॅक्चर क्लिनिकला बोलावलं किंवा ॲडमिट केलं की मीटर सुरू, तेही एनएचएसच्या (तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेच्या) नेहमीच्या दराच्या दीडपट. बाळंतपणालाही हेच. तातडीचे उपचार आणि बाळंतपण नाकारत नाहीत, बिल मागाहून पाठवतात.

म्हणून विमा दोन वेगळे. तिचा साधा प्रवासी विमा चालेल. त्याचा चालणार नाही, कारण साध्या पॉलिसीत पैसे घेऊन खेळलेल्या खेळातली दुखापत बहुतेक वगळलेली असते. पॉलिसीतलं "एक्सक्लूजन" पान तेवढं वाचा, बाकी नाही वाचलं तरी चालेल.

सूरसागर
रात्री-बेरात्री काही झालं तर १११ फिरवायचा. जीवावरचं असेल तरच ९९९.

व्हाइट्सवाली
मी फक्त व्हाइट्सवर, म्हणजे क्रिकेटच्या पांढऱ्या कपड्यांवर बोलणार, त्यात माझा हात कुणी धरू शकत नाही.

क्लब लँकेशरमध्ये (इंग्लंडच्या वायव्य भागात) असेल तर तिथलं पाणी मऊ. आपल्या बोअरच्या हिशोबाने पावडर टाकलीत तर फेस निघता निघत नाही, पाकिटावर मऊ पाण्याचं माप दिलेलं असतं तेवढंच घ्या. गुडघ्यावर गवताचा हिरवा, मांडीवर चेंडूचा लाल, हे दोन वेगळे आजार आहेत, औषधही वेगळं. चिखल असेल तर आधी पूर्ण वाळू द्या आणि ब्रशने झाडा, ओला चोळलात की आत बसला. गवताला केमिस्टकडचं सर्जिकल स्पिरिट कापसाने टिपायचं, कडेकडून आत, मग गार पाणी. चेंडूच्या लालात रंगाबरोबर पॉलिशचं मेण असतं, त्याला आधी भांड्यांचा लिक्विड साबण बोटाने चोळून दहा मिनिटं ठेवा. नंतर दोन्ही ऑक्सिजनवाल्या डागनाशकात तासभर बुडवून "बायो" लिहिलेल्या पावडरने ४० डिग्रीवर. बायो म्हणजे त्यात एन्झाइम असतात, गवताला तेच लागतं.

क्लोरीनचं ब्लीच अजिबात नाही. हल्लीच्या व्हाइट्स पॉलिएस्टरच्या, पिवळ्या पडतात आणि तो पिवळेपणा जात नाही. डाग पूर्ण गेल्याची खात्री होईपर्यंत ड्रायरमध्ये घालू नका, उष्णतेने पक्का होतो.

ग्लोव्ह्ज रेडिएटरवर ठेवू देऊ नका, चामडं कडक होऊन चिरतं. बॅट तर त्या भिंतीलाही टेकवायची नाही, विलो सुकून तडकतो. हे पुरुषांना सांगावं लागतं!

मांडवीचा भाचा
मावशी 🙏 आमच्या घरी हे वाचून दाखवलं

इंदुरी पोहे
विषय सोडून बोलतो, माफी. प्रो म्हटलं की १९५२ आठवतं. विनू मंकडांचा लँकेशरमधल्या हॅस्लिंग्डन क्लबशी करार होता, तिथून बोलावून घेतले लॉर्ड्स कसोटीला, तर पठ्ठ्याने ७२ आणि १८४ केल्या, वर डावात पाच बळी. कॅप्टन कोण? तुमचे बडोद्याचे हजारे!

सूरसागर
आमचे हजारे म्हणजे १९४७च्या रणजी फायनलमध्ये गुल महंमदबरोबर ५७७ची भागी करणारे ना? समोर कोणता संघ होता बरं, विसरलो 🤔

इंदुरी पोहे
होळकर, आमच्या इंदूरचाच. कळलं. गप्प बसतो.

बडोदेकरीण
अहो दादा, गप्प नका बसू, जिरावनाचं (पोह्यांवरच्या इंदुरी मसाल्याचं) सांगा. नेता येतं का?

इंदुरी पोहे
जिरावन, सेव, जाडे पोहे, पापड, सगळं चालतं. तूप, पेढे, मावा, पनीर नाही. भारतातून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, विमानतळावर काढून टाकतात. आईने बांधून दिलेला तुपाचा डबा सगळ्यात आधी जातो.

लिलोचिवडो
म्हणजे आमचा चिवडा पास 💪 ताजा कढीपत्ता नको, तो वाळवून न्या. तसंही बोल्टन, ब्लॅकबर्न, प्रेस्टनकडे क्लब असेल तर चिंता नाही, गुजराती लोक भरपूर, दुकानात "केम छो" म्हटलं की काउंटरमागून डबे निघतात. तूप तिथेच घ्या. सेव उसळीचे वाटाणेही मिळतात.

घरकामगार नं. १
टी, म्हणजे दोन डावांमधला चहा-फराळ, कुणी सांगितला नाही! काही क्लबांत अजून टी रोट्यावर (तो करायच्या पाळीच्या यादीत) प्रोच्या बायकोचं नाव असतं. घाबरू नये. दोन टीम २२, दोन अंपायर, दोन स्कोअरर, झाले २६. माणशी दीड सँडविच धरा, म्हणजे ७८ स्लाइस. ८०० ग्रॅमच्या मीडियम ब्रेडमध्ये साधारण वीस-बावीस निघतात, चार ब्रेड पुरतात. लोणी अगदी कडेपर्यंत लावायचं, नाहीतर काकडीचं पाणी ब्रेडमध्ये उतरून लगदा होतो. काकडीला मीठ लावून निथळून घ्यायची. शाकाहारी ताट वेगळं आणि त्यावर चिठ्ठी. शेंगदाण्याची चटणी फार आवडते हो सगळ्यांना, पण त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी असलेले असतात, मोठ्या अक्षरात लिहा किंवा करूच नका. पहिला डाव कधी संपेल ते स्कोअररला विचारत राहा. समोरचा संघ लवकर गुंडाळला की चहाची वेळ अर्धा-पाऊण तास आधी येते आणि किटली थंड.

गच्चीवरची
आपण पोहे केले तर?

घरकामगार नं. १
करा, पण बाजूला. सँडविच कमी करू नका. म्हातारे मेंबर मोजतात.

रावपुराकर
गाडी राहिली. भारतीय लायसन्सवर तिथे बारा महिने गाडी चालवता येते. पण क्लबच्या गाडीच्या विम्यात फक्त त्याचं नाव असतं, तिने चालवली तर विनाविमा गाडी चालवल्याचा गुन्हा होतो. "नेम्ड ड्रायव्हर" म्हणून तिचं नाव घालून घ्या. मूल असेल तर १२ वर्षं किंवा १३५ सेंटिमीटर, जे आधी होईल तोवर सीट सक्तीची. शनिवारी गाडी सकाळी अकराला जाते ती रात्रीच येते, रविवारी कपचा सामना, शुक्रवारी ज्युनियरचं कोचिंग. म्हणून घर मैदानाजवळ नको, दुकान आणि बस थांब्याजवळ मागा. तो मैदानापर्यंत चालत जाईल. खेळाडूच आहे. आणि रविवारी गावाकडच्या बस फार कमी, वेळापत्रक आधी बघा.

मांडवीचा भाचा
एप्रिलमध्ये थंडी असते का फार?

सूरसागर
असते रे. हीटिंग बंद पडलं तर बॉयलरवरचा काटा बघायचा. थंड असताना एक ते दीड बारमध्ये हवा. एकच्या खाली असेल तर खाली चंदेरी लवचिक नळी असते, तिच्या दोन्ही चाव्या हळू उघडायच्या, काटा दीडवर आला की दोन्ही बंद. दर आठवड्याला उतरत असेल तर कुठेतरी गळतंय, घरमालकाला कळवा. कपडे रेडिएटरवर वाळवत असाल तर खिडकी किलकिली ठेवा, नाहीतर भिंतीला बुरशी धरते.

लिलोचिवडो
फोडणीला धुराचा अलार्म वाजतो तो? त्याचा सेल काढतात लोक.

सूरसागर
सेल काढू नका. स्वयंपाकघराचं दार लावा, चिमणी चालू, खिडकी उघडी, मग मोहरी.

नणंदेची सून
मामी, सगळं वाचलं, करार परत पाठवलाय सेक्रेटरीला, सहा प्रश्न लिहून. घरात इंडक्शन आहे म्हणाले. कुकर कुठला घेऊ?

व्हाइट्सवाली
स्टीलचा, बुडाला इंडक्शनचं चिन्ह असलेला. ॲल्युमिनियमचा साधा तापणारच नाही. दुकानात लोहचुंबक लावून बघ, बुडाला चिकटला तर घे. तीन लिटर पुरे. रिंग आणि शिट्टी जास्तीच्या घे, त्या आपल्या मॉडेलच्या तिथे मिळत नाहीत.