पुण्याहून स्वतःच्या गाडीने ताडोबा: मार्ग, प्रवेशद्वार आणि मुक्काम

प्रश्न – पुणेकर

नमस्कार. येत्या एप्रिलमध्ये आई-वडील, पत्नी आणि आठ वर्षांची मुलगी यांच्यासह स्वतःच्या गाडीने ताडोबाला जाण्याचा विचार आहे. समृद्धी महामार्गाने नागपूर गाठून तेथे मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी चंद्रपूरमार्गे मोहर्लीला जावे, असा सध्याचा बेत आहे. वडिलांना पाठीचा त्रास असल्याने एका दिवसात किती अंतर कापावे, हे ठरत नाही. आपली गाडी जंगलात नेता येते का आणि मोहर्ली व कोलारा यांपैकी कोणते प्रवेशद्वार सोयीचे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – चंद्रपूरकर

आधी प्रवेशद्वार ठरवावे आणि मगच रस्ता व मुक्काम ठरवावा, कारण बहुतेक पर्यटकांची गैरसोय हा क्रम उलटा केल्यामुळे होते. मोहर्ली चंद्रपूरच्या बाजूला आहे, तर कोलारा चिमूरच्या बाजूला. नकाशावर दोन्ही जवळजवळ दिसली तरी मध्ये जंगल असल्याने एकाकडून दुसरीकडे जाताना बाहेरून मोठा वळसा पडतो. सफारी सूर्योदयाच्या सुमारास सुरू होते. त्यामुळे मुक्काम एकीकडे आणि आरक्षण दुसरीकडे असले, तर पहाटेची सफारी हुकलीच म्हणून समजा.

खासगी गाडी सफारीसाठी आत नेता येत नाही. ती मुक्कामाच्या ठिकाणी ठेवून नोंदणीकृत उघड्या जिप्सीतून, स्थानिक मार्गदर्शकासोबत जावे लागते. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात, म्हणजे आपले कुटुंब एकाच वाहनात मावेल. गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असते, हे लक्षात ठेवून दिवस निवडावेत. आरक्षण वन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावे आणि तेव्हा नोंदवलेले ओळखपत्र प्रत्येकाने मूळ स्वरूपात सोबत ठेवावे. मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून छायाचित्रे हवी असल्यास साधा कॅमेरा घ्यावा.

वाघ कोणत्या प्रवेशद्वारातून हमखास दिसतो, हा प्रश्न आपण विचारला नाहीत, याचे मला समाधान वाटले. त्याचे खात्रीचे उत्तर कोणाकडेही नसते, आणि तसे आश्वासन देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

उत्तर – वर्धेकर

मोहर्लीच निश्चित असेल, तर नागपूरपर्यंत जाऊन पुन्हा दक्षिणेकडे वळण्याची गरज नाही. छत्रपती संभाजीनगरजवळ समृद्धीवर चढावे, वर्ध्याला उतरावे आणि रात्रीचा मुक्काम तेथेच करावा. सकाळी सेवाग्राम आश्रम पाहून हिंगणघाट, वरोरा, भद्रावती या मार्गाने दुपारपर्यंत चंद्रपूर सहज गाठता येते. वरोऱ्याला आनंदवन आहे; मुलीला ते अवश्य दाखवा. कोलारा निवडल्यास मात्र नागपूरचा मुक्काम योग्य ठरेल, कारण तेथून उमरेड, भिसी, चिमूर असा सरळ रस्ता आहे.

समृद्धीवर तासन्‌तास सरळ रस्ता आणि एकसारखा वेग यांमुळे डोळ्यांवर झापड येते, आणि एप्रिलच्या उन्हात तापलेल्या काँक्रीटवर जुने टायर फुटण्याचा धोका असतो. निघण्यापूर्वी टायरची झीज व हवेचा दाब तपासून घ्यावा, इंधनाची टाकी भरून घ्यावी आणि दर दोन तासांनी थांबावे. पुण्याहून वर्ध्यापर्यंत विश्रांतीसह दहा-अकरा तास धरावेत. वडिलांना तेवढे जमणार नसेल, तर संभाजीनगरला एक मुक्काम वाढवणे श्रेयस्कर. वरोऱ्यापुढे कोळशाच्या ट्रकांची वर्दळ असते, तेथे ओव्हरटेक करण्याची घाई करू नये.

उत्तर – निसर्गप्रेमी, नागपूर

वडिलांच्या पाठीचा विचार करता त्यांना जिप्सीच्या मागच्या उंच आसनावर बसवू नका. मागच्या चाकांवरचे ते आसन खड्ड्यात सर्वाधिक उसळते. चालकाच्या लगेच मागची जागा त्यांना द्यावी. एप्रिलमध्ये चंद्रपूरचा पारा ४० अंशांच्या वर असतो, म्हणून एका दिवशी सकाळ आणि दुपार अशा दोन्ही सफारी ज्येष्ठांना करायला लावू नयेत. माझ्या मते सकाळच्या दोन आणि दुपारची एक एवढ्या पुरेत.

मार्गदर्शकाला एखाद्या पाणवठ्याजवळ इंजीन बंद करून थांबायला सांगा. चितळाचा इशारा, माकडांची खेकसणी, बांबूत सुकलेल्या पानांवर पडणारे पाऊल हे सगळे तेव्हाच ऐकू येते, आणि जनावराचा माग बहुधा त्यातूनच लागतो. एका पाणवठ्यावरून दुसऱ्याकडे सतत पळणाऱ्या जिप्सीला फक्त धूळ दिसते. रानगवे, रानकुत्री, अस्वल, ताडोबा तलावातल्या मगरी हेही पाहण्यासारखेच आहे, हे मुलीला आधीच सांगून ठेवा, म्हणजे वाघ दिसला नाही तर ती हिरमुसणार नाही.

पुणेकर

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. मोहर्ली आणि वर्ध्याचा मुक्काम निश्चित केला आहे. एकच शंका उरली आहे: वाटेत उशीर झाल्यास चंद्रपूरहून मोहर्लीला अंधार पडल्यावर जाणे योग्य होईल का?

चंद्रपूरकर

नाही. पद्मापूर, आगरझरीवरून जाणारा तो रस्ता जंगलातून जातो आणि संध्याकाळनंतर जनावरे रस्ता ओलांडतात. गाडीच्या धडकेने त्यांचा जीव जाणे ही आमच्या जिल्ह्यातली जुनी आणि फार बोचणारी व्यथा आहे. उशीर झालाच तर रात्री चंद्रपुरातच राहावे आणि सकाळी निघावे. त्या सुमारास गावकरी पहाटेच मोहफुले वेचायला बाहेर पडलेले असतात, तेव्हा सकाळीही वेग कमी ठेवावा आणि हॉर्न वाजवू नये. पहिली सफारी दुपारची घेतलीत, तर ही सगळी धावपळ टळेल.