नियम आधी नकोत, लढाई आधी

डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे फासे टाकत मिळून गोष्ट रंगवण्याचा खेळ, शिकवताना काही जण सुचवतात की नवख्यांना लढाईचे सगळे नियम समजावून मगच फासे हातात द्यावेत. मला हे अजिबात पटत नाही. अर्ध्या तासात चेहरे उतरतात.

आमच्या कॉलेज रोडच्या ग्रुपमध्ये नवीन मुलं आली की मी खेळातले तीन-चार गॉब्लिन (छोटे राक्षस) कल्पनेत थेट पांडवलेणीच्या पायऱ्यांवर उभे करते. तो चढ नाशिकच्या पोरांनी कधी ना कधी चढलेला असतोच, त्यामुळे नकाशा लागत नाही. कुणीतरी आपणहून विचारतं, "खडकाआड लपू का?" तेव्हाच सांगायचं, की अर्धा आडोसा मिळाला, आर्मर क्लास (वार लागायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा) २ ने वाढला. असा कळलेला नियम पक्का लक्षात राहतो.

खेळाच्या २०१४च्या पुस्तकातल्या गॉब्लिनचे हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसेल तो आकडा, फक्त ७. एक बरा वार बसला की आडवा! पहिल्याच डावात हा आनंद मिळायलाच हवा. मात्र त्याचे दोन घाव पहिल्या लेव्हलच्या जादूगाराला लोळवू शकतात, म्हणून सगळे गॉब्लिन एकावरच सोडू नका.

पाळी आली की "काय करतोस?" एवढंच विचारा, कुठला फासा टाकायचा ते आपण सांगायचं. आणि पुढचा नंबर कुणाचा हे आधीच पुकारा, म्हणजे तो विचार करून तयार असतो. ग्रॅपल (शत्रूला धरून ठेवणं) वगैरे नियम पुढच्या वेळी.

शेवटचा गॉब्लिन उरला की त्याला पळू द्या. निकाल लागलेली लढाई ताणण्यात काही हशील नाही.