लाडकं इंजिन कोणतं? खेकड्याला 'मगरीची नक्कल' म्हणणाऱ्यांना उत्तर

घाटमाथा
काल इथे एकाने आपल्या लाडक्या मॉडेल इंजिनांची यादी टाकली. पहिल्या नंबरावर अल्को, म्हणजे डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण खाली लिहिलंय, "डब्ल्यूसीजी-१ म्हणजे स्विस मगरीची गरीब नक्कल, म्हाताऱ्यांच्या आठवणींपलीकडे त्यात काही नाही, मॉडेल करायच्या लायकीचं नाही." रात्रभर हे डोक्यात घोळत होतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

डब्ल्यूसीजी-१ म्हणजे आपल्या घाटातलं विजेचं इंजिन, 'खेकडा'. मगर म्हणजे स्वित्झर्लंडच्या गोठार्ड घाटातलं विजेचं इंजिन. नक्कल कशी? खेकड्याची पहिली दहा इंजिनं स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या ज्या कारखान्यात झाली, त्याच कारखान्याने गोठार्डच्या मगरी बनवल्या. उरलेली ३१ इंग्लंडमध्ये व्हल्कन फाउंड्रीत झाली. म्हणजे एका घरातली भावंडं म्हणा. स्विस मगर आठ आसांची, त्यातले सहाच ओढणारे, म्हणून तिचं नाव सीई ६/८. आपल्या खेकड्याला फक्त सहा आस, आणि सहाही ओढतात. ती १५ हजार व्होल्ट एसीवर चालायची, हा दीड हजार व्होल्ट डीसीवर. चढ मात्र दोघांच्या नशिबी सारखाच आला. गोठार्डला हजारी २७ च्या आसपास, बोरघाटात आणि थळघाटात ३७ ला १. हिशेब करून बघा, एकच आकडा येतो.

माझे आजोबा इगतपुरीला ड्रायव्हर. 'खेकडा' हे नाव कुठल्या पुस्तकातनं आलं नाही, ते त्यांच्यासारख्या लोकांनी ठेवलं. उभा असताना हे इंजिन कण्हायचं. मी सात वर्षांचा असताना त्यांनी मला यार्डात नेलं होतं. शेजारी उभं राहिलं की कण्हणं पायातनं वर चढायचं. चालायला लागलं की साइड रॉडचा, म्हणजे चाकं जोडणाऱ्या दांड्यांचा, वेगळाच सूं-सूं आवाज. माझ्या लेआउटवर, म्हणजे मॉडेल रेल्वेच्या मांडणीवर, १:८७ चं (खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं) खेकड्याचं अर्धवट धूड आहे. चार वर्षं झाली, पितळी पत्र्यातनं कापतोय. ते पूर्ण होईपर्यंत दुसरं इंजिन घेणार नाही.

दौंड_जंक्शन
ती यादी माझीच. 'गरीब नक्कल' हे शब्द जास्त झाले असतील. बाकी म्हणणं कायम.

घाटमाथा, तुमचा खेकडा कल्याणपासून पुण्यापर्यंत आणि इगतपुरीपर्यंत. उरलेल्या महाराष्ट्राने तो कधी पाहिलाच नाही. पुण्याच्या पुढे तार नव्हती. गाडी पुण्यात आली की विजेचं इंजिन सुटायचं आणि अल्को लागायचं, हे आम्ही वर्षानुवर्षं पाहिलंय. दौंड, कुर्डुवाडी, सोलापूर, तिकडे मिरज, सगळीकडे अल्कोच. १९६२ ला अमेरिकेतून पहिली आली, १९६४ पासून वाराणसीत बनायला लागली, आणि शेवटपर्यंत २७०० च्या वर झाली. तुमची ४१.

माझे वडील शेडमध्ये फिटर होते. संध्याकाळी घरी आले की डिझेलचा वास त्यांच्या आधी दारातनं आत यायचा. आई कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. सोळा सिलिंडरचं ते इंजिन रिकामं उभं असताना जो ठेका धरतं, तो ऐकत मी झोपलोय. नॉच, म्हणजे जोराचा टप्पा, वाढवला की टर्बो जोर धरेपर्यंत काळा धूर, आणि मग ओढ. माझ्या मॉडेलवर धुराड्यामागचं छप्पर मी सहा वेळा काळं केलं, तेव्हा कुठे ते खरं दिसलं. बहुसंख्य माणसांच्या आठवणीतलं इंजिन तेच लाडकं इंजिन, एवढंच माझं म्हणणं.

ग्योपिंगेनची_शेजारीण
मगरीचा विषय निघालाय तर मला बोलायलाच हवं. मी माहेरची सांगलीची, बारा वर्षं इथे जर्मनीत आहे. मार्क्लिन या मॉडेल रेल्वेच्या कंपनीचं गाव आमच्याकडून गाडीने वीस मिनिटांवर.

मगरीला 'परदेशी खेळणं' म्हणून उडवून लावणारे लोक इथेही आहेत. माझ्याकडे मार्क्लिनची ३०१५ नंबरची मगर आहे, जुन्या बाजारात एका आजींकडून घेतलेली. अख्खी धातूची, हातात घेतली की मनगटाला वजन कळतं. त्यांच्या यजमानांच्या पश्चात वीस वर्षं माळ्यावर पडून होती. मी मोटरचे ब्रश साफ केले, आसांवर तेलाचा एकेक थेंब सोडला, रुळावर ठेवली. पहिल्यांदा गुरगुरली, मग चालली. एचओ, म्हणजे १:८७ मापातली पहिली मगर मार्क्लिनने १९४७ साली काढली, युद्ध संपून दोनच वर्षं झाली होती तेव्हा. इतकं टिकाऊ यंत्र जगात दुसरं दाखवा, मग पुढे बोलू. संग्राहक म्हणून विचाराल तर लाडकं इंजिन ते, जे नातवंडांच्या हातातही चालेल.

दौंड_जंक्शन
टिकाऊ आहे, मान्य. पण मधल्या तिसऱ्या रुळातून वीज घेऊन चालणारी गाडी मला रेल्वे वाटत नाही.

ग्योपिंगेनची_शेजारीण
१९५३ पासून त्यांनी रुळाच्या मध्ये बारीक खुंट्या दिल्यात. दोन हातांवरून दिसतही नाहीत. एकदा पाहून मग बोला.

एकोणीस_मिमी
मगर, खेकडा, अल्को सगळं बाजूला ठेवा. तुमच्यापैकी एकाचंही भारतीय इंजिन खऱ्या मापाच्या रुळावर उभं नाही, त्यावर कुणी बोलत नाही.

आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिमी. त्याला ८७ ने भागा, १९.२६ येतात. तुम्ही सगळे चालवताय १६.५ वर, म्हणजे परदेशी स्टँडर्ड गेजवर. पावणेतीन मिलिमीटर खाल्ले. थोडे वाटतात ना? अल्कोला समोरून, रुळाच्या पातळीवर डोळा आणून बघा. खालून लुकडी आणि वर सव्वातीन सेंटिमीटर रुंद देह. बोगीची, म्हणजे चाकांच्या गाड्याची, बाजूची चौकट चाकापासून सुटून लोंबत असते, मधल्या फटीतनं पलीकडचा उजेड दिसतो. धुराड्यामागे सहा वेळा काजळी मारता आणि ही फट सोडून देता?

मी गेली सहा वर्षं १९.३ मिमीचे रूळ हाताने टाकतोय. लाकडी पट्टीचे स्लीपर, त्यावर ठोकलेले रूळ. एक पॉइंट, म्हणजे रूळ बदलायचा सांधा, बनवायला अकरा रविवार लागले.

दौंड_जंक्शन
आणि त्या रुळावर आजवर किती इंजिनं चालली?

एकोणीस_मिमी
एक. पण बरोबर चालतं.

घाटमाथा
भाऊ, स्पेनचा गेज जवळजवळ आपल्याएवढाच, १६६८. तिकडचे कारखानेसुद्धा १६.५ वरच मॉडेल काढतात आणि लोक आनंदाने घेतात. ब्रिटिशांच्या ओओ मापात तर स्टँडर्ड गेजच सव्वादोन-अडीच मिलिमीटरने अरुंद निघतो. ओओच्या १:७६.२ ला खरा हिशेब १८.८३ होतो.

एकोणीस_मिमी
आणि त्याच ब्रिटनमध्ये ती चूक सलणाऱ्यांनी १८.२ केला, मग थेट १८.८३ केला. आयर्लंडवाले पाच फूट तीन इंचाला २१ मिमी टाकतात. त्यांनाही कुणी तयार माल दिला नव्हता. आपण मात्र 'चालतंय' म्हणून बसलोय. सगळ्यात राग येतो तो याचा की आपल्याकडची मुलं ब्रॉडगेज म्हणून जे बघतात ते ब्रॉडगेज नसतंच.

दौंड_जंक्शन
आमच्या वन-बीएचकेत १६.५ चा लूप मावत नाही. २१.३ मीटरचा डबा १:८७ ला २४५ मिमी होतो आणि ३६ सेंमीच्या वळणावर त्याचा कोपरा शेजारच्या सिग्नलला घासतो. १९.३ ला तुम्ही ते वळण देऊन दाखवा. तुमच्याकडे बंगला असेल, आमच्याकडे पलंगाखालची फळी आहे.

एकोणीस_मिमी
बंगला नाही. वडिलोपार्जित चाळीतली दहा बाय बारा खोली आहे आणि तिच्यात तीन माणसं राहतात. सरळ यार्डच केलंय, वळण नाहीच. माझ्या घरावर बोलू नका.

दौंड_जंक्शन
बरं. घरावर बोललो ते चुकलं. पण सरळ यार्डात इंजिन चालतं असं म्हणणंही चुकलंच.

मूर्तिजापूर_७६२
गेजचं निघालंच आहे तर आमच्याकडे बघा. विदर्भाचं नाव अजून कुणी काढलेलं नाही, सवयीचं झालंय ते.

शकुंतलेचा, म्हणजे आमच्या मूर्तिजापूर-यवतमाळ छोट्या गाडीचा, गेज ७६२ मिमी. ८७ ने भागा: ८.७६. बाजारात मिळणारा ९ मिमीचा रूळ, त्यावर एन, म्हणजे एचओहून लहान मापाचं यंत्र, फरक पाव मिलिमीटर. एकोणीसमिमींना जे हाताने ठोकावं लागतं ते आम्हाला डब्यातनं काढून मिळतं, आणि गेजही खरा. वळणही आटोपशीर चालतं, त्यामुळे दौंडकरांच्या फळीवरसुद्धा मावेल.

इंजिन मँचेस्टरचं, १९२१ चं, वाफेचं झेडडी. ते १९९४ च्या एप्रिलपर्यंत यवतमाळच्या गाडीला लागत होतं. मी यवतमाळला मामाकडे जायचो. गाडी इतकी सावकाश की मामेभाऊ उतरून शेंगा तोडायचा आणि पुन्हा चढायचा. इंजिनाची घुमटी उन्हात चमकायची, पाण्याला थांबलं की ड्रायव्हर आम्हा पोरांना वर घ्यायचा. फायरबॉक्सचं दार उघडलं की चेहऱ्यावर झळ यायची आणि आम्ही मागे व्हायचो, पण परत पुढे जायचो. माझं लाडकं इंजिन तेच आहे. मुंबई-पुण्याची नव्हे, सोलापूरचीही नव्हे, आमची गाडी.

एकोणीस_मिमी
८.७६ चा मुद्दा मला मान्य करावा लागतो. नॅरोगेजवाल्यांचं मॉडेल माझ्यापेक्षा कमी कष्टात बरोबर येतं, हे कबूल करताना बरं वाटत नाहीये.

घाटमाथा
मूर्तिजापूरकर, झेडडीचे फोटो असतील तर टाका. बाजूचे, सावली नसलेले.

आता दौंड जंक्शनला. तुम्ही '४१ विरुद्ध २७००' म्हणालात. संख्येवर लाडकेपण ठरत असेल तर वाफेचं डब्ल्यूजी २४५० होतं. तुमच्या यादीत ते कुठेच नाही. म्हणजे तुम्हीही संख्येवर ठरवलेलं नाही, वडिलांच्या कपड्यांच्या वासावर ठरवलंत. माझंही तेच आहे, फक्त माझ्याकडे कण्हणं आहे.

दौंड_जंक्शन
डब्ल्यूजी राहिलं, बरोबर. हा मुद्दा तुमचा.

पण एक सांगा. अल्कोचा आवाज मी डिकोडरमध्ये, म्हणजे मॉडेलमधल्या चिपमध्ये, भरलाय, मित्राने शेडबाहेर रेकॉर्ड केला होता. नॉच बदलला की मॉडेलचाही ठेका बदलतो. तुमचा खेकडा पितळेचा होईल, रॉडही फिरतील. पण कण्हणार कसा? ते रेकॉर्ड कुणी केलंय? मुक्याने फिरणारा खेकडा हा खेकडा नव्हे, हे तुमच्याच पहिल्या पोस्टनुसार.

घाटमाथा
हे लागलं. खरंच लागलं.

माझ्याकडे आवाज नाही. शेवटची काही वर्षं ही इंजिनं मुंबईत शंटिंग करत होती तेव्हा मी कॉलेजात होतो, टेपरेकॉर्डर घरी होता आणि मला सुचलं नाही. आता दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात 'सर लेस्ली विल्सन' उभा आहे, वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात दुसरा आहे. दोन्ही गप्प. वरळीला मी मागच्या पावसाळ्यात मापं घ्यायला गेलो होतो. साइड रॉडवरचा रंग खपल्या खपल्यांनी निघाला होता, खाली लोखंड थंडगार. हात लावून पाच मिनिटं उभा राहिलो. एका शाळेची सहल आली होती, एक पोरगी म्हणाली, "काका, हे रडतंय का?" पाऊस होता, बॉनेटवरून पाणी ओघळत होतं. मी तिला सांगितलं की हे पूर्वी कण्हायचं. ती माझ्याकडे बघत राहिली.

ग्योपिंगेनची_शेजारीण
घाटमाथा, स्विस मगरींपैकी काही अजून चालू हालतीत आहेत, विशेष फेऱ्यांना निघतात. तो आवाज खेकड्याचा नव्हे हे मला कळतं, एसी मोटरचा गुंजारव वेगळा असतो. पण साइड रॉडचा आवाज जवळचा असेल. पुढच्या फेरीला मी मायक्रोफोन घेऊन जाईन. नक्कल म्हणून वापरू नका, रॉडच्या सुरापुरता वापरा.

घाटमाथा
तेवढाच वापरीन. कण्हण्यासाठी आजोबांच्या बरोबरीचं कुणी इगतपुरीत असेल तर विचारतो. माणसाच्या तोंडून काढून घेतलेला आवाज चालेल.

दौंड_जंक्शन
माझ्या वडिलांना विचारतो. ते डिझेलचे, पण काही दिवस कल्याणला होते. खेकड्याची नक्कल करून दाखवायचे आम्हाला, लहानपणी. मला ते आत्ता आठवलं. यादी मात्र बदलणार नाही, अल्को पहिलाच.

एकोणीस_मिमी
खेकड्याचं चाक अजून आसावर बसवलं नसेल तर थांबा. १६.५ ला बसवू नका. लांब आस मी कापून देतो आणि सहाही जोड्या १९.३ ला बसवून पाठवतो. घाटमाथा, आसाचा व्यास कळवा.

घाटमाथा
दोन मिलिमीटर. पण माझा लूप १६.५ चा आहे.

एकोणीस_मिमी
मग यार्ड माझ्याकडे आहे. इंजिन घेऊन या. कुरियरने पाठवू नका, मागच्या वर्षी माझ्या एकुलत्या एक इंजिनाची कॅब त्यांनी चेपून आणली.